असीरची मोहर आणि आपल्या माथी मारलेला हिशेब

मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाच्या पायथ्याशी एक अजब प्रकार घडला. अंधार पडला की आसपासच्या गावांतली माणसे टॉर्च, कुदळी, चाळण्या आणि कोणी कोणी मेटल डिटेक्टर घेऊन शेतात उतरत आणि सोन्याच्या मोहरा शोधत. निमित्त होते नुकत्याच लागलेल्या 'छावा' या हिंदी चित्रपटाचे. बुऱ्हाणपूर म्हणजे मोगलांचे श्रीमंत शहर, तिथे लुटीचा खजिना होता, हे लोकांनी पडद्यावर पाहिले. त्यात रस्त्याच्या कामातून निघालेल्या मातीत नाणी सापडल्याची आवई उठली. मग काय, शेतात खड्डेच खड्डे झाले. शेवटी प्रशासनाला मध्ये पडावे लागले.

वर्तमानपत्रांनी या बातमीवर हसून घेतले. हसण्यासारखे होतेही. पण त्याच महिन्याच्या 17 तारखेला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून दंगल पेटली, संचारबंदी लागली, जखमींपैकी एकाचा जीव गेला. एकीकडे सोन्याची हाव आणि दुसरीकडे सुडाची हाव, पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच होती: मोगल म्हणजे मुसलमान, मोगलांनी लुटले ते हिंदूंना, आणि त्याचा हिशेब आज जो मुसलमान समोर दिसेल त्याच्याकडून वसूल करायचा. ही समजूत इतकी घट्ट झाली आहे की तिला प्रश्न विचारण्याचे आपण मुसलमानांनीही सोडून दिले आहे. आपल्यातले काही खाली मान घालून मोगलांची माफी मागतात, काही छाती काढून मोगलांचा अभिमान मिरवतात. मोगलांशी आपला वारसाहक्क तरी आहे का, हे कोणीच विचारत नाही.

म्हणून मला या लेखात एका मोहरेबद्दल बोलायचे आहे. असीरगडाच्या नावाची सोन्याची मोहर खरोखर आहे. ती शेतात नाही, नाण्यांच्या अभ्यासकांना गेली शंभरेक वर्षे ती चांगली ठाऊक आहे. आणि ती जी गोष्ट सांगते ती ना नागपूरच्या दंगलखोरांना सोयीची आहे, ना आपल्यातल्या मोगलभक्तांना.

बाजाची मोहर

ही मोहर जलालुद्दीन अकबराने पाडली. एका बाजूला बाज पक्षी आहे, त्याच्या भोवती फुलापानांची वेलबुट्टी. दुसऱ्या बाजूला फारसी लिपीत 'अल्लाहू अकबर', टांकसाळीचे नाव असीर, आणि इलाही सन 45. अकबराने 1584 साली आपला स्वतःचा इलाही सन सुरू केला आणि तो मागे नेऊन आपल्या राज्यारोहणाच्या वर्षापासून, 1556 पासून, मोजायला लावला. त्या हिशेबाने सन 45 म्हणजे मार्च 1600 ते मार्च 1601. असीरगड पडला 17 जानेवारी 1601 रोजी. किल्ला हाती येताच तिथल्या नावाने सोन्याची मोहर पाडली गेली. रोजच्या व्यवहारासाठी हे नाणे नव्हते. विजयाची आठवण म्हणून काढलेले हे स्मारक नाणे होते.

त्या काळात राजा होण्याच्या दोन खुणा होत्या: खुतबा आणि सिक्का. शुक्रवारी मशिदीत नाव कोणाचे घेतले जाते आणि बाजारात नाणे कोणाचे चालते, यावरून मुलुख कोणाचा ते ठरे. पुढे 1674 साली शिवछत्रपतींनी राज्याभिषेकाच्या वेळी होन पाडला, त्यामागचा अर्थही हाच होता. नाणे म्हणजे राजाने प्रजेला आणि इतर राजांना पाठवलेली नोटीस. असीरच्या मोहरेवरचा बाजही नोटीसच आहे. बाज हा शिकारी पक्षी, राजाच्या मनगटावर बसणारा. झडप घालून सावज धरणे हे त्याचे काम. प्रश्न एवढाच की या वेळी सावज कोण होते?

हरले कोण?

असीरगड कोणा हिंदू राजाचा नव्हता. तो खानदेशच्या फारूकी सुलतानांचा होता. 1382 साली मलिक राजाने या घराण्याची सत्ता उभी केली ती थाळनेरला, आजच्या धुळे जिल्ह्यात तापीच्या काठी. फारूकींच्या कबरी तिथे आजही आहेत. हजरत उमर फारूक यांच्या वंशातले म्हणून ते स्वतःला फारूकी म्हणवत. सुन्नी मुसलमान. त्यांनी वसवलेल्या बुऱ्हाणपूरला नाव दिले ते खुलताबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे, आणि तापीच्या पलीकडच्या काठावरच्या जैनाबादला त्यांच्या परंपरेतले जैनुद्दीन शिराजी यांचे. म्हणजे खानदेशच्या राजधानीने आपले नाव घेतले ते औरंगाबादजवळच्या एका फकिराच्या दर्ग्यातून. दख्खनच्या मातीशी जुळलेली ही सत्ता होती.

फारूकी काही संत नव्हते. असीरगड त्यांनी आशा अहीर नावाच्या प्रमुखाकडून दगाबाजीने घेतला, असे फरिश्ता सांगतो: बायकामुलांना आश्रय द्या अशी विनवणी करून डोल्यांतून सैनिक आत घुसवले. म्हणजे त्यांनीही तेच केले जे राजे करत आले. मी त्यांची आरती ओवाळायला बसलेलो नाही. पण या घराण्यातल्या एका सुलतानाची एक खूण मुद्दाम सांगायला हवी. राजे अली खान ऊर्फ आदिलशाह फारूकी याने बुऱ्हाणपूरची जामा मशीद बांधली. त्या मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे. नागरी लिपीत. त्यात सृष्टीच्या निर्मात्याला वंदन आहे, फारूकी घराण्याची वंशावळ आहे, आणि विक्रम संवत 1646, शके 1511 अशी तारीख तिथी-नक्षत्रासह दिली आहे. मशिदीच्या भिंतीवर, सुलतानाच्या हुकमाने, शके आणि नक्षत्र! आज कोणी नव्या मशिदीत असा लेख लावायचे ठरवले तर आपलेच किती मौलवी आणि त्यांचे किती संघटनावाले अंगावर धावून येतील, याचा जरा विचार करावा.

हाच राजे अली खान पुढे मोगलांच्या बाजूने लढताना मेला. 1597 साली गोदावरीकाठी, सोनपेठ-आष्टीच्या परिसरात मोगल आणि दख्खनी फौजांची गाठ पडली. मोगलांचा सेनापती अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे दोहे लिहिणारा रहीम. समोर विजापूर, अहमदनगर आणि गोवळकोंड्याच्या एकत्र फौजा, त्यांचा सरदार सुहैल खान. दोन्ही बाजूंना मुसलमान सरदार. राजे अली खान अकबरासाठी लढला आणि पडला. पण रात्रीच्या गोंधळात तो शत्रूला मिळाला असा संशय घेऊन मोगल छावणीतल्या लोकांनी त्याचाच तळ लुटला. सकाळी मुडद्यांच्या राशीत त्याचे प्रेत सापडले. त्याच्या मुलाने, बहादूर फारूकीने, पुढे अकबरासमोर मान तुकवायला नकार दिला, त्यात नवल ते काय?

1600 साली अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन बसला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदनगर पडले. त्याआधी चाँदबीबीचा खून झाला होता, तोही मोगलांच्या हातून नव्हे. ती शत्रूला फितूर झाली अशी हाकाटी करून तिच्याच माणसांनी तिला मारले. इकडे असीरगडचा वेढा कित्येक महिने चालला. तोफांचा उपयोग होईना. बहादूर खाली आला आणि कैद झाला, तरी किल्ला झुंजत राहिला. वृद्ध हबशी किल्लेदाराने शरण जाण्यापेक्षा आपले जीवन संपवणे पसंत केले. किल्ला कसा पडला याच्या दोन हकीकती आहेत. अबुल फजल आणि दरबारी लेखक किल्ल्यातल्या रोगराईवर भर देतात. अकबराच्या छावणीत असलेल्या जेझुइट पाद्र्यांवरून आलेली हकीकत सांगते की बादशहाने शपथ घेऊन बहादूरला बाहेर बोलावले, मग अडकवून ठेवले, आणि शेवटी सोने-चांदी वाटून किल्ल्यातले सरदार फोडले. इंग्रज इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथने ही दुसरी हकीकत खरी मानली, नंतरच्या अनेकांनी ती नाकारली. कोणतीही खरी धरा. बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून गेला, फारूकींचे सव्वादोनशे वर्षांचे राज्य बुडाले, आणि अकबराने खानदेशचे नावच बदलून टाकले. शहजादा दानियालच्या नावावरून त्याला 'दानदेश' म्हणू लागले. गावांची आणि मुलुखांची नावे बदलण्याचा शौक आजच्याच राज्यकर्त्यांना आहे असे समजू नये. नाव बदलले की आधीचा माणूस तिथे नव्हताच असे दाखवता येते, हे अकबरालाही कळत होते. लोकांनी मात्र दानदेश टाकून दिला आणि खानदेश ठेवला.

तेव्हा बाजाच्या मोहरेचा सरळ अर्थ हा. एका मुसलमान बादशहाने एका मुसलमान सुलतानाचा किल्ला घेतला, शिया-सुन्नी वादाचाही बहाणा नसताना घेतला, आणि त्या आनंदात सोने पाडले. यात हिंदूंचा पराभव नाही आणि इस्लामचा विजयही नाही. ज्यांना दोहोंपैकी एक हवेच असते त्यांना ही मोहर काहीच देत नाही.

एकच तकबीर, दोन्ही बाजूंना

पण मग मोहरेवर 'अल्लाहू अकबर' का? इथे जरा थांबले पाहिजे, कारण नाण्यावरच्या धर्माची खरी गंमत इथेच आहे.

अकबराची आधीची नाणी पाहा. त्यांवर कलमा आहे, चार खलिफांची नावे आहेत. इलाही नाण्यांवरून कलमा गेला आणि 'अल्लाहू अकबर, जल्ला जलालुहू' आले. बादशहाचे नाव जलालुद्दीन अकबर. 'अल्लाह महान आहे' हा अर्थ तर आहेच, पण ओढूनताणून 'अकबर हाच अल्लाह' असेही कोणी वाचू शकेल! ही शंका आजची नाही. बदायुनी लिहून गेला आहे की शिक्क्यावर आणि नाण्यावर ही अक्षरे घालण्याचा विचार अकबराने दरबारात मांडला तेव्हा हाजी इब्राहीमने दुहेरी अर्थ निघेल म्हणून हरकत घेतली होती आणि त्याऐवजी कुराणातले दुसरे वचन सुचवले होते. बादशहाला ते आवडले नाही. क्षुद्र माणूस खुदाईचा दावा कसा करील, असे तो म्हणाला आणि आपल्या मनासारखे केले.

त्यात बाजाचे चित्र. नाण्यावर सजीवाची आकृती नको, फक्त अक्षरे हवीत, हा शिरस्ता उमय्या खलिफा अब्दुल मलिकने हिजरी 77 मध्ये, म्हणजे इ.स. 696-97 च्या सुमाराला घालून दिला. त्याच्या आधीच्या दीनारांवर तलवार धरून उभ्या असलेल्या खलिफाचे चित्र होते हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊकही नसते. त्यानंतरची नऊशे वर्षे हा शिरस्ता बऱ्याच अंशी पाळला गेला. अकबराने तो बाजूला ठेवला आणि त्याच्या मुलाने, जहांगीराने, तर नाण्यांवर बारा राशी कोरल्या.

यावरून आपल्यातले कडवे लोक लगेच निकाल देतात: अकबर इस्लाममधून गेला होता, म्हणून त्याचे पाप आमच्या खात्यावर नाही. हा पळपुटेपणा आहे. अकबर पक्का नमाजी असता तर असीरगडावर चाल करून आला नसता काय? औरंगजेब नमाजी होता. त्याने विजापूर 1686 साली आणि गोवळकोंडा 1687 साली बुडवले. दोन्ही मुसलमानी राज्ये. तेव्हा बादशहाच्या श्रद्धेची मोजमापे काढून आपली सुटका होणार नाही आणि तशी ती करून घेण्याची गरजही नाही. असीरगडाच्या तटाच्या आत रोज पाच वेळा अजान होत होती आणि तटाच्या बाहेर अकबराच्या छावणीतही होत होती. दोन्हीकडे शब्द तेच, 'अल्लाहू अकबर'. मधल्या भिंतीवर तोफा चालत होत्या. जिंकणाऱ्याने ते शब्द सोन्यावर कोरले म्हणून ते त्याचे झाले नाहीत आणि हरणाऱ्याचे राहिले नाहीत असेही नाही.

अकबराने या दख्खन स्वारीची आणखी एक नोंद करून ठेवली. फतेहपूर सीक्रीच्या बुलंद दरवाजावर दख्खन आणि दानदेश जिंकल्याचा लेख आहे, आणि त्याच लेखात हजरत ईसा यांचे म्हणून एक वचन दिले आहे. त्याचा मतलब असा की दुनिया हा पूल आहे, ओलांडून जा, त्यावर घर बांधू नका. दुसऱ्याचे घर घेऊन आल्यावर दरवाजावर लावलेले हे वचन! ही ढोंगबाजी होती असे मी म्हणत नाही. अकबराला ते मनापासून पटतही असेल. राजसत्ता धर्माची उत्तमोत्तम वचने वापरते आणि आपल्या गरजेपुरती वापरते, एवढेच यातून घ्यायचे. आजही याहून वेगळे काय चालले आहे?

राम-सीय नाण्याचे प्रशस्तिपत्र

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण आपले हितचिंतकही कमी घोटाळा करत नाहीत.

मोगलांवर टीका सुरू झाली की पुरोगामी मित्र अकबराचे दुसरे नाणे पुढे करतात. इलाही सन 50 ची अर्धी मोहर. तिच्यावर धनुष्य धरलेला राम आहे, मागे पदर सावरणारी सीता आहे, आणि वर नागरी अक्षरांत 'राम सीय'. अकबर ऑक्टोबर 1605 मध्ये वारला, त्याआधी थोडेच दिवस हे नाणे निघाले. सुंदर नाणे आहे. ज्या बादशहाने 1564 साली जिझिया रद्द केला, ज्याच्या दरबारात रामायण-महाभारताचे फारसी अनुवाद झाले, त्याच्या धोरणाशी ते जुळणारेही आहे. सुलह-ए-कुल ही हिंदुस्थानच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे, ती मी कमी लेखत नाही.

पण हे नाणे आपल्या हातात कशासाठी ठेवले जाते? 'बघा, तुमच्यातही असे चांगले मुसलमान होते' हे सांगण्यासाठी. म्हणजे आपण सतत कुणाच्या तरी दारात उभे राहायचे आणि चारशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचे प्रशस्तिपत्र दाखवायचे. राम-सीय दाखवले तर चांगल्या मुसलमानाचे गुण मिळणार, बाज दाखवला तर कापले जाणार. ज्या बादशहाने राम-सीय पाडले त्यानेच चार वर्षे आधी बाज पाडला. दोन्ही नाणी एकाच तिजोरीतली. एक जमा आणि दुसरे खर्ची असा हिशेब मांडायचाच असेल तर तो अकबराच्या नावे मांडा. आमच्या नावे कशासाठी?

एनसीईआरटीने 2023 मध्ये बारावीच्या पुस्तकातून मोगल दरबाराचा धडा काढला, तेव्हा बरीच ओरड झाली. 2025 मध्ये आठवीच्या नव्या पुस्तकात अकबर परत आला तो क्रौर्य आणि सहिष्णुता यांचे मिश्रण म्हणून. मला या वर्णनाची फारशी भीती वाटत नाही. बहुतेक सगळे मोठे राजे असे मिश्रणच असतात. भीती याची वाटते की बाकीच्या राजांचे क्रौर्य राजाचे म्हणून शिकवले जाईल आणि अकबराचे क्रौर्य मुसलमानाचे म्हणून. असीरगडाची गोष्ट नीट शिकवली तर ही चलाखी टिकत नाही, कारण तिथे क्रौर्य सोसणाराही मुसलमानच आहे. म्हणूनच ही गोष्ट कोणी शिकवत नसावे.

एका मोहरेची मजुरी

आणखी एक हिशेब करून पाहू. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त गोल मोहरेची किंमत नऊ रुपये दिली आहे. रुपया 40 दामांचा. म्हणजे मोहर 360 दामांची. त्याच ग्रंथात बांधकामावरच्या मजुरांचे दर आहेत, त्यांत सर्वांत खालचा दर दिवसाला 2 दाम. म्हणजे एक मोहर हातात येण्यासाठी त्या मजुराला एक दमडी न खाता 180 दिवस, अर्धे वर्ष, राबावे लागले असते. तो मजूर हिंदू असो की मुसलमान, त्याने मोहर कधी जवळून पाहिली असेल काय?

असीरगडच्या पायथ्याशी रात्री माती चाळणारी माणसे याच मजुराची वारस आहेत. आणि आपणही त्याचेच आहोत. महाराष्ट्रातला मुसलमान कोण आहे ते डोळ्यांसमोर आणा. पिंजारी, आतार, बागवान, मुलाणी, मणियार, शिकलगार, कोकणातला मच्छीमार आणि खलाशी, पोटासाठी उत्तर हिंदुस्थानातून मालेगावात आलेला मोमीन विणकर. असीरगडाच्या दक्षिणेला, रावेर-यावलच्या सातपुड्यात राहणारा तडवी भिल्ल मुसलमान. बाजाची मोहर पाडली गेली तेव्हा बादशहाच्या पंगतीत यांच्यापैकी कोणाचा पणजोबा बसला होता? तडवी बाईने लाकडाची मोळी विकायला आणली तर तिला दानियालच्या सुभेदारीचा जाब विचारणार काय?

हा किल्ला पुढे मोगलांकडून निजामाकडे, 1760 साली निजामाकडून पेशव्यांकडे, मग शिंद्यांकडे आणि शेवटी 1819 साली इंग्रजांकडे गेला. मधल्या काळात, 1681 साली, मराठ्यांनी बुऱ्हाणपूरची बहादूरपुरा ही श्रीमंत पेठ लुटली. ज्या चित्रपटामुळे लोक खजिना खणायला निघाले त्यातच बुऱ्हाणपूरवरचा हा छापा दाखवला आहे. म्हणजे सोने बुऱ्हाणपुरातून बाहेर गेले होते! त्याचा हिशेब आज साताऱ्या-पुण्याच्या शेतकऱ्याला कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. असीरगडाचा हिशेब आजच्या इंग्रजालाही कोणी विचारत नाही. विचारला जातो तो एकट्या मुसलमानाला.

आपल्याच पोरांशी

आता थोडे आपल्या घरात. जून 2023 मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून केवढे रामायण झाले ते आपण पाहिले. स्टेटस ठेवणाऱ्या पोरांना ज्या पद्धतीने झोडपले गेले आणि त्यांच्या निमित्ताने ज्या दुकानांवर दगड पडले, त्याचे समर्थन कोणीही करू शकत नाही. बादशहाचा फोटो ठेवणे हा काही गुन्हा नव्हे. पण पोरांनो, तुम्हाला 'मोगलांची औलाद' म्हणून शिवी दिली गेली आणि तुम्ही ती शिवी उचलून तिचाच बिल्ला केलात. शिवी देणाऱ्याने लिहिलेली वंशावळ तुम्ही खरी मानलीत. त्याला याहून जास्त काय हवे होते?

तुम्हाला तलवारच हवी असेल तर चाँदबीबीची घ्या, तिने 1595-96 मध्ये अहमदनगरच्या खिंडार पडलेल्या तटावर उभे राहून मोगलांना थोपवले. मलिक अंबरची घ्या. गुलाम म्हणून विकला गेलेला तो हबशी मराठा सरदारांना बरोबर घेऊन पाव शतक मोगलांशी झुंजला. हे दोघे मुसलमानच होते ना? मग तुमच्या स्टेटसवर ते का नाहीत? कारण सोपे आहे. चाँदबीबी आणि मलिक अंबर यांच्या नावाने समोरच्याला चिडवता येत नाही. चिडवण्यासाठी निवडलेला इतिहास हा आपला इतिहास नसतो, तो समोरच्याच्या रागाने आपल्यासाठी निवडलेला असतो.

कोणी म्हणेल, हे सारे पराभवाचे बोलणे आहे. मोगल नाकारले तर मुसलमानांकडे ताजमहालाखेरीज उरते काय? मी म्हणतो, दख्खनकडे बघा म्हणजे कळेल. अकबराच्या फौजा ज्या निजामशाहीवर तुटून पडल्या त्याच निजामशाहीच्या मुलुखात श्रीगोंद्याचे शेख महंमद वावरले. या मुसलमान संताने मराठीत 'योगसंग्राम' लिहिला आणि परंपरा मालोजी भोसल्यांना त्यांचा शिष्य मानते. बुऱ्हाणपूरच्या विणकरांचे तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जात होते, सतराव्या शतकातल्या तावेर्निये या फ्रेंच व्यापाऱ्याने ते लिहून ठेवले आहे. कापड विणले ते ज्यांच्या घरी मोहर कधी आली नाही त्यांनी. ही आपली मिरास. ती कोणत्याही टांकसाळीत पाडलेली नाही, म्हणून कोणत्याही राजाच्या पापाचा शिक्का तिच्यावर नाही.

मागणी एवढीच आहे

तेव्हा यापुढे आपण काही गोष्टी ठणकावून सांगायला हव्यात.

एक, मोगलांचा हिशेब मोगलांना विचारा. आम्ही त्यांचे वारस नाही, वकीलही नाही. त्यांच्या चांगल्याचे श्रेय आम्हाला नको आणि वाइटाची वसुली आमच्याकडून नको. अकबराचे राम-सीय नाणे जेवढे आमचे आहे तेवढेच या देशातल्या प्रत्येक माणसाचे आहे. बाजाची मोहरही तशीच.

दोन, खानदेशच्या शाळेत फारूकी शिकवा. थाळनेरच्या कबरींवर मुलांची सहल न्या. बुऱ्हाणपूरच्या मशिदीतला संस्कृत लेख मराठी भाषांतरासह मुलांच्या हातात द्या. आणि त्याच मशिदीत अकबराने आपल्या विजयाचा फारसी लेखही कोरवला आहे, तोही त्यांना वाचून दाखवा. एकाच मशिदीत एका मुसलमान राजाचे शके-नक्षत्र आणि त्याचे राज्य बुडवणाऱ्या दुसऱ्या मुसलमान राजाची विजयपताका आहे. ज्या मुलाने हे दोन लेख एकत्र पाहिले, त्याच्या गळी 'मुसलमानांचे राज्य' हा शब्द सहज उतरणार नाही. तो विचारील, कोणत्या मुसलमानाचे?

तीन, आणि हे आपल्या लेखकांसाठी. नाणी, शिलालेख, सनदा या गोष्टी आपण इतरांच्या हवाली केल्या आहेत. मोडी वाचणारे मुसलमान किती? फारसी वाचून मराठीत लिहिणारे किती? आपण कथा-कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली, ते आवश्यकच होते. पण आपल्या माथ्यावर जो हिशेब मारला जातो आहे तो इतिहासाच्या नावाने मारला जातो आहे, आणि त्याची वही आपण कधी उघडून पाहिलेली नाही. दुसऱ्याने वाचून दाखवलेली रक्कम आपण कबूल करत आलो आहोत. ती वही आता आपण स्वतः उघडली पाहिजे. तिच्यात असीरच्या मोहरेसारखी पाने बरीच आहेत, आणि ती मोठ्याने वाचली जावीत असे दोन्हीकडच्या धर्ममार्तंडांना मुळीच वाटत नाही.